जखमेचे ठिकाण

वसमतच्या तहसीलसमोर माझं दुकान.
टंकलेखन, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो.
हळदीचा हंगाम असला की कीबोर्डच्या फटींतूनही
पिवळी भुकटी निघते.

हैबती सटवाजी कऱ्हाळे, माजी शिपाई,
तिसऱ्यांदा आलेत.
पायरीवर आधी उजवा पाय,
मग हातानं उचलून डावा.
खताच्या कंपनीची पिशवी, पिशवीत अर्ज.
"परत आला बघ," म्हणतात,
चुकलेलं वासरू घरी आल्यासारखं.

लाल पेनानं गोल केलाय रकाना सहा :
जखमेचे ठिकाण.
पहिल्यांदा आम्ही लिहिलं, डावी मांडी, खुब्याखाली चार बोटं.
हिंगोलीहून शेरा आला : ठिकाण म्हणजे स्थळ.
दुसऱ्यांदा लिहिलं, शकरगडच्या अलीकडं, उसाच्या फडात, रात्री.
शेरा आला : अवयव नमूद नाही.
आता मी दोन्ही लिहितो. मध्ये स्वल्पविराम.
ते त्याच्यावर बोट ठेवतात.
"हे काय?"
"थांबायची खूण."
"मग बरोबर हाय. तितं लई वेळ थांबलो व्हतो.
फड पेटला व्हता. पेटला की ऊस फुटतो ना, फटफट...
कोन फुटतंय, ऊस का मानूस, कळंना."

हे मी टाईप करत नाही. रकाना लहान आहे.

रकाना नऊ : पुरावा. क्ष-किरण प्रत जोडावी.

इथं माझी बोटं अडतात.

पंच्याण्णवच्या दिवाळीत, ग्रहणाच्या सकाळी,
गल्लीतल्या लेकरांनी उघड्या डोळ्यांनी वर बघू नये म्हणून
याच माणसानं ट्रंकेतून काळी फिल्म काढली होती,
मिलिटरी दवाखान्याची, कोपऱ्यात इंग्रजीत नंबर.
गोदाकाकूच्या कातरीनं चार तुकडे केले.
"एक डोळा मिटा, आन् भांडू नका."
मी नऊ वर्षांचा. माझ्या वाट्याला आला
खालचा तुकडा, हाडाचा.
त्यात सूर्य होता, उंदरानं कुरतडलेला,
आणि हाडाच्या कडेला
ज्वारीच्या दाण्याएवढं पांढरं काहीतरी.
मी सदऱ्यानं पुसलं. थुंकी लावून पुसलं.
गेलं नाही.
"काका, डाग पडलाय."
"आसू दे," म्हणाले, "तो मव्हा हाय."

आता अर्जाला काय जोडू?
बिस्मिल्लाचा तुकडा तिच्या आईनं चुलीत घातला,
रघ्याचा ओढ्यात गेला, एकाचा कुणाला पत्ताच नाही.
माझा गणिताच्या वहीत होता. वही रद्दीत.

मी विचारतो, पन्नासावर वर्षं झाली,
आधी काहून मागितलं नाही पदक?
ते पंख्याकडं बघतात.
"तव्हा गोदा व्हती."
मग पाणी मागतात.

थंडीत त्यांच्या घरावरून जाताना
तिळाच्या तेलात हळद तापल्याचा वास यायचा.
दोन हिवाळे झाले.

रकाना नऊ. मी लिहितो :
प्रत उपलब्ध नाही. सन १९९५ मध्ये
सूर्य पाहण्याकामी ती वापरण्यात आली.
सदर प्रतीतील धातूचा तुकडा
खाली सही करणाराने समक्ष पाहिला आहे.
अंतर, वीतभर. प्रकाश, निम्मा.

सही करतो. दुकानाचा शिक्काही मारतो,
तो चालत नाही हे माहीत असून.
"परत येईल, काका."
"यीऊ दे. हिंगोलीची बस काय बंद पडली न्हाई."
दहाची नोट काढतात, मी नको म्हणतो,
ते पेपरवेटखाली ठेवतात,
कडा जुळवून, नीट.

उतरताना डावा पाय आधी.
खाली जायला त्याला हात लागत नाही.