लागलं की सांग

जुरुआ नदीच्या वरच्या वळणांवर
जिथं डिझेलसुद्धा उधार मिळत नाही
तिथं मी सहा दोरे घेऊन जाते.
नायलॉनचे, बोटभर लांब, सहा रंगांच्या मुठींत बसवलेले.
हिरवा सगळ्यांत बारीक, गालावर पापणीचा केस पडावा तसा.
मग निळा, जांभळा, लाल, नारिंगी.
शेवटचा गुलाबी, जाड. तो कळतोच.
नाही कळला, तर
पुढचं मी कागदावर लिहिते, तोंडानं बोलत नाही.

जुरांदिर, डोळे मीट.
लागलं की सांग.

हिरवा.
"लागलं."
निळा.
"लागलं."
मग मी दोरा टेकवलाच नाही,
तळहातापासून वीतभर वर, हवेत धरून ठेवला.
"लागलं," तो म्हणाला,
जरा मोठ्यानंच.

फळीखाली कोंबडी माती उकरत होती.
झुल्मिरा दारातून म्हणाली,
आधी ह्याच्या हाताला मुंग्या यायच्या.
मग मुंग्याही गेल्या.

मागच्या कोरड्या महिन्यांत कसाव्याचं पीठ भाजताना
तव्याच्या कडेला त्याचा हात टेकला.
वास आधी आला.
त्याला वाटलं, शेजारी कुणी डुक्कर भाजतंय.
कुणाकडं काय सण आहे, हे विचारायला तो वळला
आणि मग त्यानं खाली पाहिलं.

त्याच्या आईला नेलं तेव्हा तो सहा वर्षांचा.
पुढं लाँच, मागं दोरीनं ओढलेली डोंगी,
डोंगीत आई एकटी.
लाँचवरची माणसं नाकाला रुमाल लावून.
दोरी वीस हात होती, तो सांगतो.
रडायचं नाही अशी ताकीद होती
म्हणून त्यानं दोरी मोजली.
पुढं वसाहतीतून एक पत्र आलं.
बापानं ते चिमट्यानं धरून चुलीत घातलं.

लेप्रा हा शब्द सरकारनं कायद्यानं पुसला.
माझ्या कागदावर आता लिहिलंय हान्सेनियाझी,
इस्त्री केलेला, लांब बाह्यांचा शब्द.
नदीला कायदा वाचता येत नाही.
वरच्या धक्क्यावर जुरांदिरचं पीठ अजून कुणी घेत नाही,
आणि झुल्मिरानं त्याची झोपायची झोळी
केव्हाच पडवीच्या टोकाला बांधलीय.
मी तिकडं पाहिलं तशी ती म्हणाली,
डास कमी असतात तिथं.

मी पाकीट उघडलं.
ह्या गोळ्या माझ्यासमोर, महिन्यातून एकदा.
ह्या रोज, तुझ्या तू.
बारा महिने. एकही चुकवायची नाही.
लघवी लाल होईल, ते रक्त नाही.
कातडी काळवंडेल, मग हळूहळू उजळेल.
थोड्याच दिवसांत तुझ्यापासून कुणाला काही होणार नाही.
हे मी झुल्मिराकडं बघून सांगितलं, दोनदा.
पायांकडं रोज रात्री दिवा धरून बघ.
काटा तुला हाक मारणार नाही.

"आणि हात?" त्यानं विचारलं.
काही परत येईल. काही येणार नाही.
खोटं बोलण्यात तो माझ्यापुढं होता,
मला स्पर्धा करायची नव्हती.

"डोंगी कधी येणार?"
कसली डोंगी?
"न्यायला."

मी त्याला माझी बोट दाखवली.
तिच्या मागं काहीच बांधलेलं नव्हतं,
तरी तो काठापर्यंत चालत गेला
आणि वाकून, पाण्यात बघून आला.

नववा महिना.
पाणी फळ्यांपर्यंत चढलेलं.
झोळी पडवीतच, पण दाराच्या दोन खुंट्या अलीकडं.
त्याबद्दल मी विचारलं नाही.

डोळे मीट, म्हणायच्या आत त्यानं मिटले.
हिरवा.
तो गप्प.
निळा.
गप्प.
जांभळा. बाहेर कुणीतरी वल्हं आपटलं.
लाल.
इतका वेळ गप्प की मी त्याचा श्वास मोजायला लागले.
नारिंगी, करंगळीच्या मुळाशी.

"हां," तो हळूच म्हणाला,
"इथं. इथं कुणीतरी आहे."

कागदावर छापलेला एक रिकामा हात असतो.
मी त्याच्या करंगळीखाली नारिंगी ठिपका काढला.
वरच्या चार गप्प्याही लिहून घेतल्या.
त्या पहिल्यांदाच खऱ्या होत्या.