अक्षराला चार आणे

सांगलीत गणपती पेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीशी
माझं एक स्टूल, एक मशीन
आणि शेजाऱ्याकडनं ओढलेली वायर.
एकेचाळीस वर्षं नावं घालतोय.
आधी छिन्नी होती, ठिपक्याला ठिपका लावत जायचं.
आता मशीन किर्र करतं, गिऱ्हाइकाचे दात शिवशिवतात.

तेव्हा अक्षराला चार आणे, काना-मात्रा फुकट.
आणि नावं तरी कशी, भरल्या घागरीसारखी:
सौ. पद्मावतीबाई नेमगोंडा मगदूम.
एवढ्या एका नावात माझा दिवसाचा चहा निघायचा,
वर भडंग.

मग एकदम सगळ्या सुनीता झाल्या.
नवरी सुनीता, जाऊ सुनीता, नणंदही सुनीताच.
कुणाचं पातेलं कुणाच्या फळीवर गेलं कळेना,
म्हणून मी नावाखाली खूण काढून द्यायचो,
एकीला मासा, एकीला चांदणी.
मासेवाल्या सुनीताबाई अजून ओळख देतात.

स्वप्नील आला तेव्हा जोडाक्षराचे दीड धरायला लागलो.
त्यावरनं भांडणं झाली.
एका मामानं बारशाची वाटी तशीच कोरी नेली,
म्हणाला, पोरगं काय वाटी वाचून दूध पिणाराय?

आता मोबाईल पुढं धरतात.
काका, तिथं दीर्घ आहे बघा.
अन्वी. विहा. रिआंश.
अर्थ विचारला की बापही मोबाईलमध्येच बघतो.
दोन-तीन अक्षरांत खेळ खलास.
नावं आखडली, म्हणून मी दर वाढवला,
महागाई वगैरे म्हणायचं म्हणून म्हणतो.

परवा एक पोरगी आली, कडेवर लेक.
रमा घाला, म्हणाली, एकदम वेगळं आहे ना?
मी मान डोलावली.
रमा मी पन्नास-साठ तरी घातल्या असतील,
त्यांतल्या बऱ्याच आता फोटोत आहेत.
तुमचं नाव काय, काका?
दगडू.
अय्या, किती गोड!
आता तिला काय सांगायचं,
माझ्या आधीची तीन गेली,
म्हणून मरणाला फसवायला मला दगड म्हटलं.
ते नाव जुनं झालं नाही, पोरी,
त्याचं काम संपलं.

एकोणीसच्या पुरात कृष्णा पेठेत शिरली.
पाणी उतरलं तेव्हा बोळाच्या तोंडाशी
चिखलात भांड्यांचा ढीग, घरं विसरलेला.
मी फडकं घेऊन बसलो.
एकेक पुसायचं आणि मोठ्यानं वाचायचं.
आक्काताई भूपाल चौगुले!
आमची आज्जी, म्हणत कुणी पुढं यायचं.
चंपाबाई आवटी!
कुणीच नाही. बाजूला ठेवलं.
मग एक पितळी पातेलं. पुसलं.
वाचलं, आणि आवाज आपोआप खाली आला.
नकुसा.

पन्नाशीची बाई गर्दीतनं आली.
माझंय, म्हणाली, लग्नातलं.
ठिपके ओळखीचे होते. माझ्याच छिन्नीचे.
तीन अक्षरं, बारा आणे.
घेतले असणार मी. मोजूनच घेतले असणार.

पुसता येईल का हो हे?
येईल. पण तिथं पत्रा पातळ होईल.
मग नको, गळायला लागंल.
वरच्या अंगाला दुसरं घाला.
काय घालू?

ती उभी राहिली.
नळावरची रांग संपली, नगरपालिकेची गाडी येऊन गेली,
ती तशीच उभी.
हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारला असावा.
उद्या सांगते, म्हणाली,
आणि पातेलं माझ्याकडंच ठेवून गेली.

अजून आलेली नाही.
पातेलं स्टुलाखाली आहे,
दिवाळीला चिंच लावून घासतो.
वरच्या अंगाला जागा मोकळी ठेवलीय, ऐसपैस.
जोडाक्षरं असू देत, कितीही लांब असू दे,
पैसे घ्यायचे नाहीत.