चौथा कप्पा

रात्रपाळीहून परतते तेव्हा
रस्त्यावर मिठाची पांढरी रेघ,
बुटांच्या शिवणीत हॉस्पिटलचा वास.
कोट तसाच अंगात ठेवून मी फतकल मारते
सासऱ्यांच्या नटबोल्टांच्या लाकडी कपाटापुढे.
आठ कप्पे. त्यांच्या हाताच्या चिठ्ठ्या
अजून चिकटलेल्या: वायसर. पाऊण इंची खिळे.
बिजागऱ्या. सगळ्यांत खाली, किरकोळ.

भागाकार बिजागऱ्यांत. नेहमीच.
झोप उडाल्यानंतर, भूक लागण्याआधी.
वायसरांत दहा शब्द, त्यातले तीन कालचे चुकलेले.
पुस्तकात खूण म्हणून गोळ्यांच्या पाकिटाचा पुठ्ठा:
इथून इथवर वाच, पुढे गेलास तरी चालेल.
आणि किरकोळमध्ये जे हाताला लागेल ते.
आज तळघरातला, कोंब फुटलेला बटाटा.
चित्र काढ, लिहिलंय, मग मोज कोंब.

सप्टेंबरात फ्रिजवर वेळापत्रक होतं,
चार रंगांचं, अर्ध्या अर्ध्या तासाचं.
नऊ दिवस टिकलं.
दहाव्या दिवशी लुसिएन म्हणाला,
आई, साडेनऊ होऊन गेले,
आता इतिहास मेला का?

गावची शाळा बंद झाली, आणि नव्या शाळेची बस
जाता-येता अडीच तास खाणार होती.
नणंद बेर्नादेत अजून विचारते:
बाप लाकडाच्या ट्रकवर, आई गोधडीत,
दहा वर्षांचं पोर एकटं टेबलाशी,
याला काय शाळा म्हणायचं?
म्हण काहीही, मी म्हणते.
कप्पे रिकामे होतात.

तिला सांगितलं नाही ते हे, की
काळ्या पडद्यांच्या खोलीत मी झोपते ती अर्धीच.
भिंत पातळ आहे.
पहिला कप्पा खोकतो. दुसरा नुसता सरकतो.
तिसऱ्याचं हँडल टकटकतं दोनदा.
चौथा मात्र किंचाळतो,
शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा,
आणि ते ऐकलं की मी कूस बदलते:
दहा वाजले. पोरगा भागाकारापर्यंत पोचला.
माझी खरी झोप तिथून पुढची.

मार्चमधल्या त्या मंगळवारी
पहिला खोकला. दुसरा सरकला.
टकटक, टकटक.
मग काहीच नाही.

घड्याळाचे हिरवे आकडे साडेदहावर.
शेगडीत लाकूड घालताना भाजला असेल.
नदीवर गेला असेल, बर्फ तडकतोय या दिवसांत,
सांगितलंय त्याला, शंभरदा सांगितलंय.
मी अनवाणी धावले.

टेबलाशी होता. जीभ ओठाच्या कोपऱ्यात,
पेन्सिल चघळून खडबडीत.
चौथा कप्पा सताड उघडा,
आणि त्याच्या दोन्ही कडांवर
पांढरट चकाकी,
वाढदिवसाच्या उरलेल्या मेणबत्त्यांची.

घासलं, तो म्हणाला.
तुझी झोप मोडायचा तो.
हे सगळं कुजबुजत,
मी समोर उभी असूनही.

कागदावर शंभर भागिले सात.
चौदा. बाकी दोन.
बरोबर, म्हणाले मी, आणि गोठलेल्या पायांनी
परत अंथरुणात.

आता आठही कप्पे मुके.
पुढच्या पहाटेही भरले मी ते,
वायसरांपासून किरकोळपर्यंत;
मेणाबद्दल काही बोलले नाही.
फक्त पडून राहते, कान भिंतीला लावून,
पंख्याची घरघर, दूर कुठे बर्फ सोलणारं यंत्र.

उघडला असेल आता चौथा.
की नसेल.
बिजागऱ्या, त्यांचं अक्षर सुंदर होतं.
उघडला असेल.
झोप.
उघडला असेल.