नोटीस
(खारघर)

काचपट्टीवर जांभळा रंग चढवते.
आतड्याचं अस्तर, चार-पाच दिवसांचा मुक्काम;
मग पेशी आपलं आपण आवरते,
शेजारणीला धक्का न लावता.

ह्या काही उठल्याच नाहीत.

नमुना हसुराम घरतांचा, गाव शहाबाज.
मिठागर होतं; आता तिथे सेक्टर आहे.
बाकावर भेटले तेव्हा म्हटलं,
काका, तुमच्या पेशी मरायचं विसरल्यात.
हसले. "त्यांना कुनी सांगला नसल.
आमाला नोटीस आलती."

सलाइनमधून आता थेंब थेंब नोटीस जाते.
सहा हप्ते. काहींनी वाचली, काहींनी नाही.

आजच्या पट्टीत, कडेला, एकटीच
आक्रसलेली, केंद्रक फुटून दाणे दाणे झालेलं,
कोंडीत मीठ धरतं तसं.

पेनाने तिच्याभोवती गोल केला
आणि डबा खायला गेले.