सतरा प्रश्न

स्वरूपा, तुझे सतरा प्रश्न वाचले.
वेंगुर्ल्याहून सावद्याला यायचा हा पहिलाच बेत,
त्यात मांडीवर सात महिन्यांचा निहार.
निहार म्हणजे दव ना गं?
इथे मेमध्ये सकाळी सहाला
अंगणातला नळही कोमट असतो.

भुसावळला उतर. गाडी पहाटे पावणेचारला येते.
वेळ वाईट वाटेल, पण तीच बरी.
उजाडता उजाडता घर गाठायचं
आणि मग दिवसभर दार उघडायचं नाही.
यांचा भाऊ जीप घेऊन येईल, पुंडलिक.
फारसा बोलत नाही,
रागावलाय असं समजू नको.

डॉक्टर चार घरं सोडून.
डास आहेत. मच्छरदाणी शिवायला टाकलीय.
कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या,
तो इतका घरघरतो की आपण दोघी ओरडून बोलू,
आणि बाळं म्हणे त्या आवाजातच गाढ झोपतात.
सगळे सांगतात असं.
मला अनुभव नाही.

पाणी चौथ्या दिवशी येतं. घाबरू नको,
दोन्ही टाक्या भरून ठेवते.
त्याच्या लंगोटांसाठी वेगळी बादली आणली काल,
छोटी, निळी.
आणून ओट्यावर ठेवली
आणि दिवे लागेपर्यंत तिथून हलवलीच नाही.

‘समुद्र नाही तर संध्याकाळी करता काय तुम्ही?’
आमची संध्याकाळ साडेसातला सुरू होते, बाई.
तेव्हा केळीच्या बागेत जाऊ.
बांधावर अजून झळ असते,
चार पावलं आत गेलं की अंगावरचा घाम गार पडतो.
पानं पानांवर घासतात.
डोळे मिटलेस तर लाटा म्हणशील.
मी म्हणणार नाही,
मी समुद्र एकदाच पाहिलाय, तुझ्या लग्नात,
आणि तेव्हा माझं सगळं लक्ष चपला सांभाळण्यात होतं.
केळीचा चीक मात्र त्याच्या झबल्याला लागू देऊ नको.
जात नाही.

बोलीचंही सांगून ठेवते.
आमच्या तोंडी ळचा य होतो.
शेजारच्या द्वारकाकाकू दारातूनच विचारतील,
‘बाय कुठी हाये?’
मुलगी नाही म्हणत त्या, बाळच म्हणतायत.
भर उन्हाळ्यात लोकरीची कुंची आणतील.
घालू नको, पण नाहीही म्हणू नको.
आणि कांदा देतील, उन्हासाठी.
तो मात्र ठेवायचा.
खिसा नसेल तर नाडीला बांधू.

तू आलीस की तिसऱ्या दिवशी आखाजी.
इथे त्या सणाला लेकी माहेरी येतात,
निंबाला झोके बांधतात,
खापरावरचे मांडे, आमरस,
दुपारभर नुसतं लोळणं.
तारीख सुचवताना हे मी बोलले नव्हते.
काकू गेल्यापासून तू उन्हाळ्यात
कुठेच जात नाहीस, एवढं ठाऊक होतं.
तू म्हणालीस, तिकीट त्याच दिवसाचं मिळतंय.
मी म्हटलं, बरं.

शहाणं माणूस सांगेल, डिसेंबरात जा.
तेव्हा भरताची वांगी असतात,
उन्हात बसावंसं वाटतं,
पोराला घामोळं यायची भीती नाही.
हे सगळं मी काल तुला लिहिलं होतं.
दोनदा वाचलं. पुसून टाकलं.
डिसेंबरात तो चालत असेल,
कडेवर राहायचा नाही.

तेव्हा ये.
सुती टोप्या दोन आण, मोजे नको.
गाडीत खिडकीची जागा घे, पण उत्तरेकडची.
कुठली उत्तर ते पुंडलिकला फोनवर विचार,
एवढं तो बोलेल.

राहिला सतरावा प्रश्न,
‘आमचा तुला त्रास तर नाही ना होणार?’

होईल.
बावीस तारखेला,
तुमची परतीची गाडी सुटली की.