बहुतेक

रेकॉर्डिंग माझ्या टेबलावर आलं तेव्हा
कुणीही मेलेलं नव्हतं.
असली रेकॉर्डिंगं सहसा येत नाहीत.
न घडलेल्याचा पंचनामा करायला
कुणाला सवड आहे?

किर्केनेसचा नियंत्रण कक्ष. जानेवारी.
रात्रीचे दोन वाजून अकरा मिनिटं.
सिग्रुनच्या पाळीचा नववा तास,
आणि फोनवर एक म्हातारी, बोट्सफियॉर्डहून:
सप्टेंबरपासून रिकाम्या घराच्या खिडकीशी
एक माणूस उभा आहे,
हातात काहीतरी, पिस्तुलासारखं.

सारखं, म्हणाली म्हातारी.
सिग्रुनने ते प्रामाणिकपणे उचललं,
त्याचं बहुतेक केलं
आणि वायरलेसचं बटण दाबलं.

हे मी चाळीस वेळा ऐकलंय.
बटण दाबल्यावर वाट उघडायला
यंत्राला अर्धा सेकंद लागतो.
माणूस थांबत नाही, बोलू लागतो.
कक्षात ती म्हणाली: बहुतेक पिस्तूल आहे.
गाडीत तोर्मोदने ऐकलं: पिस्तूल आहे.

एवढंच.
खिशातून हातमोजा पडावा तसा एक शब्द
अंधारात कुठेतरी पडला,
आणि कुणाचा हात गार पडला नाही
म्हणून कुणी मागे वळून पाहिलं नाही.

मग वरिष्ठांची परवानगी. मग गाडीतली कुलूपबंद पेटी;
इथले पोलीस कमरेला बंदूक लावून हिंडत नाहीत.
तोर्मोद मला म्हणाला,
पेटीची किल्ली फिरवली तेव्हाच दिसलं मला त्याचं पिस्तूल.
वळण यायच्या आधी. माणूस दिसायच्या आधी.
काळं होतं. आखूड नळीचं.

माणूस होता रिमांतास. मासळीच्या कारखान्यात रात्रपाळी,
त्या दिवशी सुट्टी, झोप येईना,
शनिवारीच भाड्याने घेतलेल्या घरात
खिडकीच्या फटीतून वारा शिरत होता.
बाहेरून सिलिकॉन भरत होता तो.
त्या अवजाराला इकडच्या भाषेतही पिस्तूलच म्हणतात.
म्हातारी तर बिचारी खोटं बोललीच नव्हती.

पाठीवर झोत पडला. तो वळला.
हाक मारली की माणूस वळतोच,
हातात जे असेल ते घेऊन वळतो.

तोर्मोदची जोडीदार आउद चार वेळा ओरडली: हात दाखव.
चारही रेकॉर्डिंगमध्ये आहेत, स्वच्छ.
तोर्मोदने एकही ऐकली नाही.
नळीच्या टोकाशी पांढरं काहीतरी लोंबत होतं
एवढंच त्याला आठवतं,
आणि ते का लोंबतंय हे कळेना म्हणून
बोट ट्रिगरपाशी अडलेलं.

तीन सेकंद. माझ्या घड्याळाने.
त्याच्या हिशेबाने एक हिवाळा.

वरून आलेल्या शेऱ्यात लिहिलंय:
अनुकरणीय संयम, उत्तम निर्णयक्षमता.
तोर्मोदला वाचून दाखवलं तर तो हसला.
म्हणाला, बर्फ काढणारी गाडी आली नव्हती हो.
म्हणून तीस मीटर अलीकडे थांबावं लागलं, इंजिनाच्या आड.
रस्ता मोकळा असता तर मी दारापर्यंत गेलो असतो.
पाच मीटरवर…
वाक्य त्याने तिथेच सोडलं.
मीही उचललं नाही.

सिग्रुनने एकच विचारलं: मी म्हटलं होतं ना?
मी तिला कक्षातलं रेकॉर्डिंग ऐकवलं. होतं.
मग म्हणाली, आता गाडीतलं.
नव्हतं.
दोन्ही पुन्हा एकदा लाव, म्हणाली.

हल्ली ती बटण दाबते आणि श्वास घेते.
शंका वाक्याच्या शेवटी ठेवते,
जिथे ती सांडणार नाही.
शेजारच्या खुर्चीवरच्या नव्या पोराला वाटतं
ही बाई थकलीय.

रिमांतासच्या खिडकीच्या तीन बाजू भरून झाल्यात.
चौथीतून वारा येतो अजून.
त्याचं अवजार आमच्या मुद्देमालात आहे,
चिठ्ठी बांधलेलं; तोंडाशी सिलिकॉन वाळून दगड झालंय.
परत द्यायचंय.
फॉर्मवर एक सही राहिलीय,
बहुतेक माझीच.