बाटल्यांचा माल

तिस्कच्या नाक्यावर, टायरच्या दुकानामागे
जोकिमबाबचं हापीस.
एक टेबल, एक पंखा,
भिंतीवर चार खिळे रिकामे,
पाचव्यावर एक चावी.

मी तिच्याकडेच बघत होतो.

"अनुभव?"
याआधी सहा ठिकाणी विचारलं होतं.
वेर्ण्यात म्हणाले, पाच वर्षं तरी हवीत.
कुंडईत म्हणाले, आधी कुठेतरी शिकून ये.
हे कुठेतरी कोणत्या तालुक्यात येतं
ते मला अजून कळलेलं नाही.

लायसन इतकं नवं की खिशात कोपरे टोचत.
रकान्यात मी लिहिलं होतं:
चौदा महिने, पिकअप, सोडा, शिरोडा ते बोरी.
तरी रकाना उरला
म्हणून खाली लिहिलं:
तुळशीवृंदावन, एक.

जोकिमबाबने चष्मा कपाळावर सरकवला.
"हे कसलं?"

सांगितलं.
शिरोड्यात रिव्हर्स घेताना
आरशात नुसतं आभाळ होतं
आणि मला घाई होती.
आवाज फार झाला नाही, जुनं होतं, मातीचं.
आतून कुमुदिनीकाकी आली, बोटांना खोबऱ्याचा कीस.
ओरडली नाही.
खुर्ची आणून अंगणात बसली.
म्हणाली, "बांध."
दोन रविवार बांधत होतो.
देवळी डावीकडे कलली ती कललीच,
पणती ठेवली की तेल एका बाजूला जातं.
पिकअपवाला म्हणाला, उद्यापासून येऊ नको.

"दुपारची वेळ. पळायचं होतंस."
"गाडीवर मालकाचा नंबर रंगवलेला होता," मी म्हटलं.

पंखा फिरत राहिला.
चावी खिळ्यावरून निघाली,
पण माझ्या हातात नाही, टेबलावर.
"मागे घे. भिंतीला लाव."

मी चढलो. उतरलो.
मागे जाऊन बघितलं:
एक कुत्रा झोपलेला, एक फुटका पिंप,
गटाराला झाकण नाही.
चढलो. निम्म्यात पुन्हा उतरलो.
कुत्रा उठून गेला होता,
माझा कंटाळा आला असेल त्याला.
टायरवाल्याची पोरं हसली, एकाने शिट्टी मारली.
घामाने सदरा सीटला चिकटला
आणि भिंत अजून हातभर लांबच.

जोकिमबाब हसला नाही.
"चतुर्थीपर्यंत अर्धा पगार.
बाजूला पुनोमाम बसेल.
हुबळी. रिकाम्या बाटल्या."

नव्या माणसाला बाटल्याच देतात,
पुनोमामने खांडेपारच्या पुलावर सांगितलं.
चिरे बोलत नाहीत. सळ्या मोजकं बोलतात.
बाटल्या चुगली करतात:
ब्रेक कधी दाबला, गिअर कुठे अडला,
घरून भांडून आलास की जेवून,
सगळं मागून, मोठ्याने.

मोलेच्या नाक्यावर शिपायाने
फोटो बघितला, मला बघितलं.
"नवा?"
कसं कळतं सगळ्यांना?

अनमोडच्या पहिल्या वळणावर
आठशे डझन दात एकदम वाजले.
पुनोमाम डोळे मिटून: "दुसरा."
दुसऱ्यावर घेतली. वाजले, जरा कमी.

मग समोरून लाकडाचा ट्रक, वळण त्याच्या पोटात मावेना.
हक्क माझा, मी चढणीवर,
पण त्याला ते ठाऊक असल्याचं दिसेना.
थांबलो.
त्याचा मागचा दिवा आरशात लहान होईपर्यंत
माझ्यामागे दरी होती
आणि हॉर्न देणारे तीन.

हॅन्डब्रेक. क्लच.
नखाएवढा सोडला, मग अजून नखाएवढा.
गाडी शहारली,
मागे सरायचा विचार केला तिने,
मग पुढे निघाली.
मागून एकच बाटली किणकिणली.
एकच.

पुनोमामने डोळे न उघडताच
मांडीवरचा उंडो मोडला, अर्धा माझ्यापुढे धरला.
मी घेतला नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.
"बरं," तो म्हणाला
आणि माझाही अर्धा खाऊन टाकला.